वरून हिरवी कैरी : पदक मिळवलेला फौजी बॉम्बपर्यंत कसा पोचला

मागच्या हिवाळ्यात अमळनेर तालुक्यातल्या आमच्या शेतात भरिताला मंडळी जमली होती. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजत होती, कुणी मिरच्या-लसूण कुटत होतं आणि माझा पुतण्या मोबाईल घेऊन बांधावर बसला होता. थोड्या वेळाने तो उठून माझ्याजवळ आला. कुठल्यातरी व्हिडिओत एका अमेरिकन फौजीला ‘व्यवस्थेशी लढलेला वीर’ म्हटलं होतं. त्या फौजीने स्वतःच्याच देशातली सरकारी इमारत उडवली होती, १६८ माणसं मारली होती. पोराचा प्रश्न सरळ होता : “काका, हाऊ मानूस येडा व्हता का?”

“हो, डोकं फिरलेलं होतं त्याचं,” असं म्हणून मी मोकळा झालो. घरी आल्यावर ते उत्तर टोचत राहिलं, कारण ते खोटं होतं. टिमोथी मॅकव्हे वेडा नव्हता. त्याच्या वकिलांनीही न्यायालयात वेडेपणाचा बचाव घेतला नाही. पोराने विचारलं ते फार महत्त्वाचं होतं आणि मी ते उडवून लावलं. म्हणून आता नीट उत्तर देतो.

काय घडलं होतं?

१९ एप्रिल १९९५, बुधवार. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातलं ओक्लाहोमा सिटी हे शहर. तिथे आल्फ्रेड पी. मरा फेडरल बिल्डिंग नावाची नऊ मजली सरकारी इमारत होती. आपल्याकडे नवी प्रशासकीय इमारत असते ना, एकाच छताखाली तहसील, सेतू, भूमी अभिलेख, तसलाच प्रकार. पेन्शनच्या कामाला आलेली म्हातारी माणसं, कर्मचाऱ्यांची पतपेढी, सैन्यभरतीचं कार्यालय, केंद्रीय पोलीस यंत्रणांच्या काही शाखा. दुसऱ्या मजल्यावर पाळणाघर.

सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांनी इमारतीसमोर उभा केलेला भाड्याचा ट्रक फुटला. इमारतीचा समोरचा भाग वरपासून खालपर्यंत कोसळला. १६८ माणसं मेली, त्यात १९ मुलं होती. सहाशेहून जास्त जखमी झाले.

साधारण दीड तासाने उत्तरेकडे जाणारी एक पिवळी जुनी गाडी महामार्ग पोलिसाने अडवली, कारण तिला नंबरप्लेट नव्हती. चालवणाऱ्याकडे लपवलेलं पिस्तूल सापडलं, म्हणून त्याला पेरी नावाच्या छोट्या गावात कोठडीत टाकलं. आपण कुणाला पकडलंय हे त्या पोलिसाला माहीत नव्हतं. दोन दिवसांनी, सुटका होण्याच्या अगदी बेतात असताना, तपास त्याच्यापर्यंत पोचला. तो मॅकव्हे. वय २६.

अशा कृत्याला ‘देशांतर्गत दहशतवाद’ म्हणतात. म्हणजे करणारा त्याच देशाचा, मरणारे त्याच देशाचे, आणि हेतू असा की भीती घालून सरकारला किंवा समाजाला वाकवायचं.

कट्टरीकरण म्हणजे काय?

दुसरा एकच जड शब्द वापरतो : कट्टरीकरण. साधा माणूस हळूहळू अशा जागी पोचतो की आपल्या मतासाठी अनोळखी माणसांना मारणं त्याला योग्य वाटायला लागतं. त्या हळूहळू होणाऱ्या प्रवासाचं हे नाव.

आपल्या भागात हे समजवायला गुलाबी बोंडअळीइतकं चांगलं उदाहरण नाही. २०१७ च्या हंगामात तिने काय केलं ते कपाशी लावणारा कुणीही विसरलेला नाही. कैरी, म्हणजे कपाशीचं हिरवं बोंड, कोवळी असताना बारीक अळी आत शिरते आणि तिने पाडलेलं छिद्र नंतर बुजून जातं. कैरी वरून हिरवीगार, टणक. शेतकरी खूष. वेचणीला हात घातला की कळतं, आतल्या कापसाची किडकी कवडी झालेली आहे.

पण जाणता शेतकरी हेही सांगेल की खूण आधी दिसते. फूल नीट उमलत नाही, पाकळ्या एकमेकींना चिकटून मिटल्यासारख्या राहतात. आपण तिला डोमकळी म्हणतो. ती खुडून नष्ट केली तर पुढचं बरंच वाचतं. मॅकव्हेच्या आयुष्यात डोमकळ्या होत्या. पाहणारेही होते.

एक एक पायरी

फताली मोघद्दम या मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये दहशतवादाला जिन्याची उपमा दिली. तळमजला आणि वर पाच मजले. तळमजल्यावर लाखो लोक असतात, आपल्यावर अन्याय होतोय असं वाटणारे. त्यातले बहुतेक तिथेच राहतात. काही थोडे वर चढतात, आणि जसजसं वर जावं तसतशी बाहेर पडायची दारं कमी होत जातात. मॅकव्हेला या जिन्यावर ठेवून पाहू.

तो १९६८ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला, बफेलो शहराजवळ जन्मला. वडील मोटारींचे रेडिएटर बनवणाऱ्या कारखान्यात कामगार. आईवडील वेगळे झाले. मुलगा किडकिडीत, शाळेत पोरं त्रास द्यायची. आजोबांनी त्याला बंदूक चालवायला शिकवली आणि त्यात तो रमला. इथवर काहीही वेगळं नाही. अशी मुलं माझ्या वर्गात दर वर्षी असतात.

१९८८ मध्ये तो सैन्यात गेला आणि तिथे चमकला. १९९१ च्या आखाती युद्धात चिलखती गाडीवरचा तोफची म्हणून लढला, ब्राँझ स्टार पदक मिळवलं. परत येताच सैन्याच्या खास तुकडीच्या निवड चाचणीला गेला. युद्धाने थकलेलं शरीर, सराव तुटलेला. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतःहून माघार घेतली. त्या वर्षाच्या शेवटी सैन्यही सोडलं आणि घरी येऊन सुरक्षारक्षकाची नोकरी धरली.

इथे थांबायला हवं. आपल्या जिल्ह्यात पहाटे चार वाजता रस्त्यावर धावणारी भरतीची पोरं आपण सगळेच पाहतो. अर्ध्या सेकंदाने, एका सेंटिमीटरने बाहेर पडलेली पोरंही पाहतो. त्यातला कुणी बॉम्ब ठेवत नाही. त्यामुळे ‘अपयश आलं म्हणून दहशतवादी झाला’ असं म्हणणं चूक आहे आणि त्या सगळ्या पोरांवर अन्यायही आहे. पण एवढं खरं की ज्या जागेवर माणसाने स्वतःची ओळख उभी केलेली असते ती निसटली की आत पोकळी होते. तिथे काय भरलं जातं, यावर पुढचं अवलंबून राहतं.

मॅकव्हेच्या पोकळीत आधी राग आला. १९९२ च्या फेब्रुवारीत त्याने गावाकडच्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. कर वाढले, राजकारणी बेफिकीर झाले, सामान्य माणसाचं स्वप्न संपलं, अशा तक्रारी. त्यातल्या बऱ्याच तक्रारी आपल्या पारावरही ऐकू येतात. पण शेवटी त्याने विचारलं होतं, ही व्यवस्था सुधारायला रक्त सांडावं लागेल का? ही पहिली डोमकळी. वर्तमानपत्राने पत्र छापलं, लोकांनी वाचलं आणि घडी करून ठेवून दिलं.

मग दोन घटना घडल्या. ऑगस्ट १९९२ मध्ये आयडाहो राज्यात रूबी रिज इथे एका कुटुंबाला केंद्रीय पोलिसांनी वेढा घातला. बंदुकीच्या गुन्ह्यात हवा असलेला बाप, त्याची बायको, मुलं. वेढ्यात एक पोलीस अधिकारी मेला, चौदा वर्षांचा मुलगा मेला आणि त्याची आई मेली. पुढच्या वर्षी टेक्सासमधल्या वेको गावाजवळ एका पंथाच्या वस्तीवर छापा पडला. पहिल्या दिवशीच चार अधिकारी आणि पंथातले काहीजण ठार झाले. वेढा ५१ दिवस चालला आणि १९ एप्रिल १९९३ ला वस्तीला आग लागून ७६ माणसं मेली. त्यात पुष्कळ मुलं होती.

वेढा चालू असताना मॅकव्हे स्वतः वेकोला गेला होता. गाडीच्या बोनेटवर बंदूकवाल्यांच्या बाजूचे स्टिकर मांडून विकत होता. तिथून पुढे तो घर असं कुठे राहिलाच नाही. राज्याराज्यांत भरणाऱ्या बंदुकांच्या जत्रांमध्ये हिंडायचा. तिथे एक कादंबरी विकायचा आणि वाटायचा. तिच्यात सरकारविरुद्ध बंड करणारे गोरे वंशवादी ट्रकमधल्या बॉम्बने सरकारी इमारत उडवतात. तिचं नाव मी मुद्दाम देत नाही. अटकेच्या वेळी तिच्यातले उतारे त्याच्या गाडीत होते.

त्याच्या भोवतीचं जग कसं आकसलं ते पाहा. कारखान्यातले लोक नाहीत, शेजारी नाहीत, लग्नकार्य नाही. फक्त तीच जत्रा, तीच पुस्तकं, तीच माणसं. आज हे काम मोबाईल करतो, तेही घराबाहेर पाऊल न टाकता. एक व्हिडिओ पाहिला की तसलेच दहा पुढ्यात येतात आणि पाहणाऱ्याला वाटतं, सगळं जग हेच बोलतंय.

मग शेवटचा मजला. समोरचा माणूस माणूस राहत नाही. मरा बिल्डिंगमधल्या कारकुनांना वेकोशी काही देणंघेणं नव्हतं. तुरुंगात मुलाखती घेणाऱ्या पत्रकारांना मॅकव्हेने याचं उत्तर एका प्रसिद्ध अवकाशयुद्धाच्या सिनेमातून दिलं : दुष्ट साम्राज्यासाठी काम करणारे साधे कारकूनही त्या साम्राज्याचाच भाग. मेलेल्या मुलांसाठी त्याने सैन्यात ऐकलेला शब्द वापरला, ‘कोलॅटरल डॅमेज’. म्हणजे लक्ष्य दुसरंच होतं, आजूबाजूचं नुकसान झालं. माझ्या मते बॉम्ब ट्रकमध्ये भरायच्या कितीतरी आधी या शब्दात तयार झाला होता. अमुक लोक किडे, तमुक लोक कीड, असं जिथे कुणी बोलतं तिथे मला आता अंगावर काटा येतो.

पण त्याची तक्रार खरी होती ना?

काही अंशी होती, आणि हे मान्य केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. रूबी रिजमध्ये सरकारी यंत्रणेने गंभीर चुका केल्या. वेकोतही.

त्या चुकांचं पुढे काय झालं तेही पाहू. रूबी रिजच्या त्या बापाला १९९३ मध्ये ज्युरीने मुख्य आरोपांतून निर्दोष सोडलं. कुटुंबाने सरकारवर दावा लावला आणि ऑगस्ट १९९५ मध्ये सरकारने ३१ लाख डॉलर देऊन तो मिटवला. संसदेत सुनावण्या झाल्या, अधिकाऱ्यांना उत्तरं द्यावी लागली. मरा बिल्डिंग पडल्यावर चार महिन्यांनी हे पैसे मिळाले, पण ते बॉम्बमुळे मिळाले नाहीत. ज्यांची माणसं मेली होती ते कोर्टाची पायरी चढले, म्हणून मिळाले. मॅकव्हेचं त्या कुटुंबाशी कसलंही नातं नव्हतं. दुसऱ्याचं दुःख त्याने उसनं घेतलं आणि ज्यांचं होतं त्यांना न विचारता त्याचा सूड उगवला.

अर्धी खरी तक्रार पूर्ण खोट्या तक्रारीपेक्षा जास्त घातक असते, असं मला वाटतं. पूर्ण खोटी आज ना उद्या उघडी पडते. अर्ध्या खरीला धरून माणूस कितीही लांब जाऊ शकतो, कारण मागे वळून पाहिलं की ते खरं अर्धं दिसतच राहतं.

मग आपले क्रांतिकारक?

हा प्रश्न पुतण्याने विचारला नाही, पण विचारला असता. धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याजवळ १९४४ मध्ये इंग्रजांचा खजिना लुटला, ती गोष्ट आमच्याकडे पोरांना तोंडपाठ असते. ‘मॅकव्हेनेही सरकारविरुद्धच शस्त्र उचललं ना?’

भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी ८ एप्रिल १९२९ ला दिल्लीच्या असेंब्लीत बॉम्ब टाकले ते कुणाचा जीव जाऊ नये अशा बेताने, आणि पळून न जाता पत्रकं उधळत स्वतःला अटक करून घेतली. राज्य परक्यांचं होतं आणि ते बदलायला सामान्य भारतीयाच्या हातात मत नव्हतं. मॅकव्हेच्या हातात मत होतं, न्यायालय होतं, त्याची पत्रं छापणारं वर्तमानपत्र होतं. त्याने गर्दीच्या वेळी, पाळणाघर असलेल्या इमारतीसमोर ट्रक लावला आणि कानात बोळे घालून तिथून निघून गेला. क्रांतिकारकांच्या प्रत्येक कृतीवर मतभेद असू शकतात, पण या दोघांना एका ओळीत बसवता येत नाही.

सरकारवर रागावणं म्हणजे जिना चढणं, असंही नाही. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिकवायचे, ते किती रागीट होते ते त्यांचं लिखाण वाचलं की कळतं. विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून मे १९४७ मध्ये ते पंढरपूरला उपोषणाला बसले. राग तोच, पण जीव पणाला लावला तो स्वतःचा. कापसाला भाव द्या म्हणून रस्ता अडवणारा शेतकरी, मोर्चातली आशाताई, सरकारला शिव्या घालणारा म्हातारा, यांच्याकडे कुणी संशयाने पाहायला लागलं तर त्यांच्यासाठी उघडी असलेली दारं आपणच बंद करू.

तो एकटाच होता का?

त्या काळात अमेरिकेतल्या वंशवादी गटांमध्ये ‘नेता नसलेला लढा’ ही कल्पना पसरली होती. संघटना नको, हुकूम नको. ज्याने त्याने विचार घ्यावा आणि दोनचार जणांत कृती करावी, म्हणजे पोलिसांना पकडायला साखळीच मिळत नाही. विष पेरणारा नंतर हात झटकायला मोकळा.

मॅकव्हेचा मुख्य साथीदार टेरी निकोल्स. दोघांची ओळख सैन्याच्या प्रशिक्षणात झाली. तिथलाच तिसरा मित्र मायकल फोर्टिए. त्याला बेत माहीत होता. डिसेंबर १९९४ मध्ये मॅकव्हेने त्याला ती इमारत नेऊन दाखवलीसुद्धा होती. तो सामील झाला नाही आणि कुणाला बोललाही नाही. पुढे त्याने साक्ष दिली आणि त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली. मॅकव्हेच्या बहिणीने न्यायालयात सांगितलं की प्रचाराचा टप्पा संपला, आता कृतीचा टप्पा, असं तो तिला म्हणाला होता.

मी तिला दोष देत नाही. घरातल्या माणसाचं असं बोलणं आपण ‘बोलतो तो तसंच’ म्हणून सोडून देतो. फोर्टिएची गोष्ट वेगळी. त्याने एक फोन केला असता तर १६८ माणसं त्या दिवशी संध्याकाळी घरी गेली असती.

आधी संशय कुणावर गेला?

स्फोटानंतर पहिले दोन दिवस टीव्हीवरचे जाणकार मध्यपूर्वेकडे बोट दाखवत होते. अमेरिकेतल्या मुस्लिम कुटुंबांना त्या दिवसांत धमक्या आल्या. मग पदक मिळवलेल्या गोऱ्या फौजीचा चेहरा समोर आला.

आपल्याला यासाठी अमेरिकेपर्यंत जायला नको. मालेगाव आमच्यापासून किती लांब? २००६ च्या तिथल्या स्फोटांनंतर पकडलेल्या मुस्लिम तरुणांना विशेष न्यायालयाने २०१६ मध्ये आरोपमुक्त केलं. पुरावा नसलेल्या आरोपाखाली गेलेली वर्षं कुणी परत देत नाही.

खतापासून बॉम्ब, मग आपलं खत?

शेतकरी हा प्रश्न विचारतोच. त्या स्फोटात अमोनियम नायट्रेट हे खतातलं रसायन होतं. आपण केळीला आणि कपाशीला टाकतो तो युरिया किंवा पोटॅश म्हणजे ते नव्हे. भारतात २०११ पासून ४५ टक्क्यांपेक्षा जास्त अमोनियम नायट्रेट असलेलं मिश्रण स्फोटक मानलं जातं आणि २०१२ च्या नियमांनुसार त्याची साठवण व विक्री परवान्याशिवाय करता येत नाही. एवढं पुरे.

मृत्युदंड दिला, मग विषय संपला?

जून १९९७ मध्ये डेन्व्हरच्या न्यायालयाने त्याला अकराही आरोपांत दोषी ठरवलं. ११ जून २००१ ला विषारी इंजेक्शन देऊन मृत्युदंड झाला. निकोल्स जन्मठेप भोगतो आहे.

मॅकव्हेला वाटलं होतं, स्फोटाने देश जागा होईल आणि बंड पेटेल. बंड पेटलं नाही. लोक रक्त द्यायला रांगेत उभे राहिले. ज्या सरकारला तो दुबळं करायला निघाला होता त्याचे अधिकार वाढले : १९९६ च्या दहशतवादविरोधी कायद्याने शिक्षा झालेल्या कैद्यांना वरच्या न्यायालयात दाद मागण्याची वाटसुद्धा अरुंद केली. स्वातंत्र्याच्या नावाने त्याने जे केलं त्याने स्वातंत्र्यच थोडं कमी झालं.

त्याला मारल्यावर तीन महिन्यांनी ११ सप्टेंबरचे हल्ले झाले आणि सगळं लक्ष परदेशातून येणाऱ्या दहशतीकडे वळलं. २००९ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने घरातल्या उजव्या अतिरेक्यांबद्दल सावध करणारा अहवाल काढला. सैन्यातून परतलेल्यांना हे गट ओढू पाहतील, असं त्यात म्हटलं होतं. माजी सैनिकांचा अपमान झाला म्हणून ओरड झाली आणि अहवाल मागे घ्यावा लागला. २०११ मध्ये नॉर्वेत एकाने आधी ओस्लोच्या सरकारी इमारतींसमोर गाडीत स्फोट केला, मग बेटावर शिबिराला आलेल्या तरुणांवर गोळ्या झाडल्या. ७७ जण गेले. देश वेगळा, साचा ओळखीचा. आणि तीस वर्षांनी अमळनेर तालुक्यातल्या बांधावर एका पोराच्या मोबाईलवर मॅकव्हे ‘वीर’ म्हणून येतो.

दोन बाप

हे सगळं मी पुतण्याला सांगितलं, फवारणीचे पंप धुता धुता. त्याने मध्ये एकदाच विचारलं, “आन् त्याना बाप?”

त्या इमारतीत ज्युली वेल्च नावाची २३ वर्षांची मुलगी पेन्शनच्या कार्यालयात दुभाषी होती. तिचे वडील बड वेल्च पेट्रोलपंप चालवायचे. सुरुवातीला त्यांना वाटायचं, खटलाही नको, मॅकव्हेला असंच मारून टाका. इमारतीसमोर एक एल्मचं झाड स्फोटातून वाचलं होतं. त्याच्या सावलीत ज्युली गाडी लावायची. वेल्च तिथे जाऊन उभे राहायचे. पुढे त्यांनी एकदा टीव्हीवर मॅकव्हेच्या वडिलांना पाहिलं. बागेत काम करता करता त्यांनी क्षणभर मान वर केली होती आणि वेल्चना त्या डोळ्यांत आपलंच दुःख दिसलं.

१९९८ मध्ये वेल्च त्यांच्या घरी गेले. दोघं आधी बागेत हिंडले. मग स्वयंपाकघरात टेबलाशी बसले. भिंतीवर टिमोथीचा शाळा संपतानाचा फोटो होता. वेल्चची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जात होती. शेवटी ते म्हणाले, देखणा पोरगा आहे. मॅकव्हेच्या वडिलांच्या गालावरून एक थेंब ओघळला.

पुतण्या बराच वेळ पंपाची नळी हातात धरून उभा होता. मग त्याने खिशातून मोबाईल काढला, तो व्हिडिओ पाठवणाऱ्या मित्राला फोन लावला आणि म्हणाला, “कोठे शे रे तू? संध्याकायले ये ना घर, बोलनं शे.”